डाव्या पायाचं काम

बाबा डावा गुडघा हाताने उचलतात, हे मला पहिल्यांदा दिसलं ते कलकत्त्यातल्या हाजऱ्याच्या चौकात, सिग्नलला गाडी थांबलेली असताना. मी मागच्या सीटवर डाव्या कडेला बसले होते. ती माझी कायमची जागा. तिथून बाबांचा चेहरा दिसत नाही, पण जरा पुढे वाकलं की त्यांचा डावा हात आणि डावा गुडघा दिसतो. दिवा हिरवा व्हायच्या बेतात होता. बाबांनी गिअरच्या दांडीवरचा हात काढला, गुडघ्याशी पँट चिमटीत धरली, पाय उचलून क्लचवर ठेवला आणि मग तोच हात गुडघ्यावर ठेवून खाली रेटला. हात घाईने परत गिअरवर गेला. गाडी एक गचका देऊन निघाली. त्यांच्या शेजारी बसलेली आई खिडकीबाहेर बघत होती.

मला वाटलं, गाडीचंच काहीतरी झालं असेल. मग घरी जिन्यावर बाबांच्या चपलांचा आवाज ऐकला. उजवी चप्पल नुसती पडत होती. डावी आधी पडत होती आणि मग फटकन वाजत होती. म्हणजे गाडीचं काही झालं नव्हतं. किंवा दोघांचंही काहीतरी झालं होतं.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांचं काम फिरतीचं होतं. आठवड्यातून चार दिवस कारखान्यांची तपासणी, आणि दर गुरुवारी शहराबाहेर, नदीकाठी बजबजचे तेलाचे डेपो. गाडी स्वतःची, जुनी, हिरवी. आधीच्या गावी एका बदली झालेल्या साहेबांकडून घेतलेली. ऑफिसात पायाचं कळलं तर फिरती काढून घेतील आणि टेबलावर बसवतील, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण फोनवर ते एका सहकाऱ्याविषयी तसं बोलताना मी ऐकलं होतं, आणि फोन ठेवल्यावर ते किती वेळ तिथेच उभे राहिले तेही पाहिलं होतं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. नन्सच्या शाळेत आणि मग त्यांच्याच कॉलेजात शिकल्यामुळे मला उत्तर देण्याआधी वाक्य मनात लिहून पाहायची सवय होती. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. त्यामुळे लोक मला शहाणी आणि शांत समजत. मी बाबांना पायाविषयी विचारलं नाही. आईलाही सांगितलं नाही. आई तेव्हा रोज एकच सांगत होती.

"अहो, विकून टाका ती गाडी. टॅक्स्या आहेत, ट्राम आहे. कशाला तो लोखंडाचा संसार?"

"चांगली चालते आहे की."

"चालते कुठे? उड्या मारते."

उड्या मारत होती हे खरं. क्लच सोडला की ती थरथरायची, आणि पेडल दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. निदान बाबा तसं म्हणायचे. भवानीपूरच्या एका गल्लीत एका सरदारजींचं गॅरेज होतं. आमची गाडी कायम त्यांच्याकडेच जायची. पांढरी दाढी, खाकी सदरा, आणि हाताची बोटं इतकी जाड की त्यात पाना लहान दिसायचा. त्यांनी गाडी गल्लीत एक फेरी मारून आणली आणि म्हणाले, "क्लच खतम, साहब. पूरा सेट बदलना पड़ेगा."

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा सेट बाजारात नव्हता. कधी येईल ते सांगता येत नव्हतं. त्या वर्षात कुठलीच गोष्ट कधी येईल ते सांगता येत नसे, वीजसुद्धा. मग उरले बाहेरचे दोन. एक मद्रासकडचा, दुसरा हावड्यातल्या एका छोट्या कारखान्यात बनणारा. मद्रासचा जड, हावड्याचा हलका. दोन्ही आमच्या गाडीला बसत होते.

"कौन सा लगाऊं?" सरदारजींनी विचारलं.

आणि बाबा म्हणाले, "हलका देखिए. लड़की सीखेगी गाड़ी. उसको भारी नहीं होना चाहिए."

मी आजूबाजूला पाहिलं. तिथे दुसरी कोणी लड़की नव्हती.

गाडी शिकण्याविषयी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बोनेटवरची धूळ बोटाने पुसत होते. त्यांना स्वतःच्या पायासाठी हलका क्लच हवा होता आणि ते सांगायचं नव्हतं, एवढं मला कळलं. पण मला कळलं आहे हे त्यांना कळलं होतं का? कळलं होतं म्हणून माझं नाव पुढे केलं, की मी काही बोलणार नाही याची खात्री होती म्हणून? मी मनात वाक्य लिहायला घेतलं. ते तयार व्हायच्या आत सरदारजी माझ्याकडे वळले होते.

"बहुत अच्छा! फिर तो बेटी ही बताएगी. आओ."

सरदारजींची एक पद्धत होती. क्लच पसंत करायचा तर हातात घेऊन नाही, पायाने. तो बसवलेल्या गाडीत बसायचं आणि पेडल दाबून बघायचं. त्यांच्या आवारात त्या दिवशी एक टॅक्सी उभी होती, तिला हावड्याचा क्लच होता. पलीकडे एका डॉक्टरांची गाडी होती, तिला मद्रासचा. आणि पेडल दाबायचं ते अनवाणी. बुटातून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. चष्म्यावर रुमाल टाकून वाचता येतं का?

"पहले साहब बैठें," ते म्हणाले. "जूते उतार के."

बाबांनी बुटांकडे पाहिलं. काळे, नाडीचे, ऑफिसचे बूट. "नहीं नहीं," ते म्हणाले, "सीखना उसको है. वही देखेगी." मग मराठीत मला म्हणाले, "बस गं. घाबरण्यासारखं काही नाही त्यात."

कलकत्त्यात मराठी ही आमची बंद खोली होती. ट्राममध्ये, दुकानात, जिन्यावर, कोणासमोरही आम्ही काहीही बोलू शकत होतो. पण त्या खोलीतसुद्धा बाबा मला खरं ते सांगत नव्हते.

तीन-चार पुरुष बघत असताना मी पट्ट्याचा बूट काढला, मोजा काढून पर्समध्ये कोंबला आणि टॅक्सीत बसले. पेडल थंड होतं, मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं. मी दाबलं. ते सहज खाली गेलं, पिठात हात घातल्यासारखं.

"क्या लगा?"

"अच्छा है," मी म्हणाले.

"अच्छा तो सब कुछ है. ऊपर खाली कहां है, पकड़ता कहां है, ये बताओ."

मला काही सांगता येईना. त्यांनी मग तळहात माझ्यासमोर उभा धरला आणि दुसऱ्या हाताने त्याला हळूहळू ढकलून दाखवलं. आधी थोडा मोकळा भाग, नुसतं लटकणं. मग वजन लागतं. मग एक जागा येते जिथे आतली प्लेट सुटते. सोडताना त्याच जागेवर ती धरते. ती जागा पायाला ओळखू यायला हवी, अंधारात घरातला उंबरठा ओळखू येतो तशी. मी पुन्हा दाबलं. उंबरठा कुठेच नव्हता. सगळीकडे सारखंच मऊ होतं.

मग डॉक्टरांची गाडी. ते पेडल मी दाबलं तर आधी गेलंच नाही. मला सीटवर पाठ टेकून जोर लावावा लागला. मांडी ताणली गेली. पण मधे कुठेतरी काहीतरी बदललं, एक लहानसा ठोका पायाच्या चवड्याला लागला, आणि सोडताना तो पुन्हा त्याच जागी लागला. मी तीनदा दाबून पाहिलं. तीनही वेळा तो तिथेच होता.

"मिला?" सरदारजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काय गं?" बाबांनी बाहेरून विचारलं. "जड आहे का फार?"

आता मी काय सांगायचं होतं? माझ्या पायाला काय वाटलं ते? की त्यांच्या पायाला काय वाटेल ते? दोन पेडलांपैकी मला आवडलेलं कुठलं, हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं, आणि ते आयुष्यात फार वेळा होत नाही. पण हा जड क्लच बसला तर बाबा दोन दिवसांत गाडी सोडतील. आई गाडी विकेल. ऑफिसात कारण विचारतील. चपलेचा तो आवाज मग सगळ्यांनाच ऐकू येईल.

"फारच जड आहे, बाबा," मी म्हणाले. "हलकाच घेऊ."

बाबांचे खांदे खाली आले. "हलकाच," ते सरदारजींना म्हणाले. "उसको हलका ही चाहिए."

 सरदारजींनी डॉक्टरांच्या गाडीचं दार लावलं.

दोन दिवसांनी गाडी तयार झाली. आम्ही आणायला गेलो तेव्हा सरदारजी म्हणाले की एक परीक्षा राहिली आहे, तीही बेटीच देईल. बाबा आत नळावर हात धुवायला गेले होते. मला सीटवर बसवून, क्लच दाबायला लावून सरदारजींनी हँडब्रेक ओढला, इंजिन चालू केलं, गिअर वरचा घातला आणि म्हणाले, "अब धीरे धीरे छोड़ो."

मी सोडत गेले. इंजिन घुमलं, कण्हलं, गाडी जागच्या जागी हलली. माझा पाय पूर्ण वर आला तरी इंजिन काही वेळ चालूच होतं. मग खोकून बंद पडलं. बायकांच्या हातून गाडी चौकात बंद पडते आणि लोक हसतात, एवढंच मला गाडी चालवण्याविषयी माहीत होतं. माझ्या हातून ती लगेच बंद पडली नाही, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

सरदारजी दाढीवरून हात फिरवत होते. "देर से मरी," ते म्हणाले.

"जी?"

"जल्दी मरनी चाहिए थी." मग जरा थांबून, "कोई बात नहीं. शहर में चलेगी. बस, बोझ मत डालना, बेटी. चढ़ाई पे तो बिलकुल नहीं. साहब को बोल देना."

गाडी बंद पडणं चांगलं कसं, हे मला समजेना. विचारायचं होतं, पण तेवढ्यात बाबा रुमालाने हात पुसत आले. ते चालवायला बसले, पाय क्लचवर ठेवला, आणि हात गुडघ्याकडे न नेता गिअर टाकला. "वा," ते म्हणाले. नुसतं एवढंच. मी मागे माझ्या जागेवर बसले होते. मी त्यांना बोझाचं सांगितलं नाही. नंतर सांगू, असं ठरवलं. त्या संध्याकाळी ते आम्हाला विनाकारण गंगेपर्यंत फिरवून घेऊन आले.

पुढचे तीन आठवडे मी रोज सांगायचं ठरवत होते.

जानेवारीत आम्हा मराठी मंडळींची सहल असे. त्या वर्षी ती बजबजला, नदीकाठच्या एका बागेत ठरली, कारण बाबांना तिथली माणसं ओळखत होती. मसालेभात आईकडे होता. तो घरी करून न्यायचा म्हणून मोठं पितळी पातेलं डिकीत चढलं, त्याच्याबरोबर परात, दोन बादल्या, सतरंज्या. श्रीखंडाचा डबा घेऊन एक काकू माझ्या शेजारी बसल्या. त्या तीस वर्षं कलकत्त्यात होत्या आणि अंगाने भरपूर होत्या. त्यांच्या पलीकडे त्यांची धाकटी जाऊ, मांडीवर संत्र्यांची करंडी. मी दाराला चिकटून, क्लचवर नजर ठेवून बसले होते. हे बोझ म्हणायचं का? बोझ म्हणजे नक्की किती? पोती म्हणाले असतील का ते? माणसं धरतात का त्यात?

अलीपूरपर्यंत काही झालं नाही. माझेरहाटच्या पुलावर पुढे एक भरलेली लॉरी होती. बाबांनी गती कमी केली, गिअर बदलला, चढ लागला. आणि इंजिनाचा आवाज एकदम वाढला. आवाज वाढत गेला आणि गाडी मंद होत गेली. मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी होतंय. मग जळक्या कागदासारखा वास आला.

"अगं बाई, भात लागला की काय?" काकू म्हणाल्या.

"भात डिकीत आहे," आई म्हणाली.

"मग काय लागलं?"

बाबांनी पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. इंजिन किंचाळत होतं. पुलाच्या मध्यावर पोचण्याआधी गाडी थांबली आणि हळूच मागे सरकू लागली. बाबांनी हँडब्रेक ओढला. मागच्या बसने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. कंडक्टर दाराला लोंबकळून ओरडला, "की दादा, ठेला लागबे?"

"आम्हाला ढकलायला निघालाय मेला," काकू म्हणाल्या. "भावोजी, मी उतरू का? दोष माझ्याच वजनाचा दिसतोय."

"नाही हो वहिनी, तुमचा कसला?"

"तीस वर्षं या गावचा भात खाल्लाय. गाडीला काय कळत नाही होय?"

शेवटी आम्ही चौघी उतरलो आणि पूल चालत चढलो. काकूंच्या काखेत श्रीखंड, त्यांच्या जाऊबाईंच्या डोक्यावर संत्री, आई सगळ्यात पुढे, हात रिकामे आणि मान ताठ. रिकामी गाडी आमच्याशेजारून कण्हत कण्हत वर गेली. आत बाबा एकटे होते. गाडी चालवताना त्यांचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा समोरून दिसला, काचेतून. ते कुणाकडेच बघत नव्हते.

पुलापलीकडे मंडळींची दुसरी गाडी थांबली होती. पातेलं, काकू, जाऊबाई, आई, सगळं त्यात कोंबलं गेलं. भात आईचा होता, तिला जाणं भाग होतं. जाताना ती बाबांना म्हणाली, "सरळ गॅरेजला न्या. आणि हिला बरोबर ठेवा."

परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदाच पुढे बसले. बाबा हळू चालवत होते. 

सरदारजींनी वास घेतला आणि मान हलवली. "मैंने तो बेटी को बोला था, साहब. बोझ नहीं, चढ़ाई नहीं."

बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हणाले होते?"

"ओझं नको म्हणाले होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

 तीन आठवडे मनात लिहिलेलं वाक्य आता तोंडात येईना.

"अगं, पुलावरून मागे आलो असतो आपण. मागे बस होती. का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला हलका हवा होता म्हणून."

"मला?" ते म्हणाले. "तुझ्यासाठी घेतला होता तो."

हे ते माझ्याकडे सरळ बघून म्हणाले. मी इतकी गोंधळले की क्षणभर मला तेच खरं वाटलं. खरंच माझ्यासाठी घेतला असेल का? मीच सगळं मनाने रचलं का? गुडघा, चप्पल, फोन? पण बाबांचा डावा हात तेव्हासुद्धा मांडीवर होता, आणि उभ्याउभ्या ते गाडीला टेकले होते.

सरदारजींनी थोडक्यात उलगडून सांगितलं. पेडल हलकं कारण आतल्या स्प्रिंगा नरम. नरम स्प्रिंगा प्लेट घट्ट दाबून धरत नाहीत. वजन आलं की प्लेट घसरते, इंजिन फिरतं आणि चाकं फिरत नाहीत. पायाला जे जड लागतं तीच आतली पकड असते. इंजिन बंद पडायला हवं होतं ते यासाठी. "अब मद्रास वाला ही डालो," ते म्हणाले. डॉक्टरांची गाडी योगायोगाने त्या दिवशीही आली होती. सरदारजींनी तिचं दार उघडलं. "साहब, आज आप देखो."

 बाबा स्टुलावर बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. मोजाही काढला. पाय गोरा होता, बोटं किंचित आत वळलेली. ते गाडीत बसले, हाताचा आधार न घेता पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं. तिथे पाय थरथरायला लागला. घोट्यापासून सुरुवात झाली, मग पोटरी, मग गुडघा. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. पेडल वर आलं.

सरदारजींनी पाठ फिरवून हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधायला घेतलं. बराच वेळ शोधत राहिले.

"मला नाही झेपणार," बाबा म्हणाले. मराठीत. त्या आवारात ते फक्त मला समजणार होतं.

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"चपलेवरून. दिवाळीच्या आधीपासून."

ते हसले असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही, कारण ते मोजा घालायला वाकले होते. "तुला हे आवडलं होतं ना?" त्यांनी खालूनच विचारलं. "त्या दिवशी. हे जड पेडल. तीनदा दाबून पाहिलंस."

मी हो म्हणाले.

"मग हेच टाकू."

"पण मग चालवणार कोण?"

 ते नाडी बांधत होते, आणि नाडी बांधायला त्यांना वेळ लागत असे.

मद्रासचा क्लच बसला त्या दिवशी सरदारजींनी मला पुन्हा परीक्षेला बसवलं. हँडब्रेक, वरचा गिअर, हळूहळू पाय सोडायचा. तो ठोका आला, आणि ठोक्यालाच इंजिन धक्का देऊन बंद पडलं. सवयीने मला लाज वाटली. सरदारजींनी छतावर थाप मारली. "शाबाश! ऐसे मरनी चाहिए!"

आईला सांगायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं. ती मेथी निवडत होती. मी पायाचं सांगितलं, डॉक्टरांकडे जायला ते तयार झाले आहेत असं सांगितलं. ती निवडतच राहिली.

"तुला आधी माहीत होतं?" मी विचारलं.

"शेजारी मी बसते," आई म्हणाली. "मी गाडी विका म्हणत होते ते काय उगाच?"

"मग त्यांना का नाही विचारलंस?"

"तू विचारलंस?"

मला वाटत होतं की बाबांचं गुपित मी एकटीच सांभाळते आहे. तिघांच्या घरात ते तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांपासून जपत होतो. ते लपवून नक्की कोणाला वाचवत होतो, हे मला आजही कळलेलं नाही.

डॉक्टरांनी मणक्यात नस दबल्याचं निदान केलं. सक्तीची विश्रांती आणि पट्टा दिला, पाय पूर्वीसारखा होईलच असं नाही म्हणाले. बाबांनी ऑफिसात स्वतःच जाऊन सांगितलं. फिरती काढून घेतली गेली, एक सोडून. बजबजचा गुरुवार त्यांनी मागून घेतला. तिथल्या टाक्यांची त्यांना सवय होती, आणि कसे जाणार या प्रश्नाला त्यांनी साहेबांना काय उत्तर दिलं ते मला नंतर समजलं.

गाडीत पुढे एक खण होता, त्यात नकाशे आणि पुसायची फडकी असत. शिकाऊ परवान्यासाठी फोटो लावायचा आहे, तेव्हा खणातून फॉर्म काढ, असं बाबा एका सकाळी म्हणाले. मी काढला. फॉर्म बाबांच्या हस्ताक्षरात आधीच भरलेला होता. माझं नाव, पत्ता, वय. कागद घडीवर पिवळा झाला होता आणि एका कोपऱ्याला तेलकट बोटाचा ठसा होता. तारखेची जागा मोकळी होती.

"हा कधी भरलात?"

"भरला असेल कधीतरी."

सहलीच्या नंतर? की गॅरेजमध्ये 'लड़की सीखेगी' म्हणाले त्याच्याही आधी? वय वीस लिहिलं होतं, आणि मी त्या वर्षभर वीसचीच होते. त्यावरून काही ठरेना. आधीच भरला असेल, तर ते सगळं खरंच माझ्यासाठी होतं, आणि मी माझ्या पायाचं न ऐकता उत्तर देऊन त्यांचाही घोटाळा केला. नंतर भरला असेल, तर त्यांनी एका सबबीची सत्य गोष्ट करून टाकली. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी अजून विचारलेलं नाही.

शिकायला मला तीन महिने लागले. सरदारजींनी गल्लीत, मग मैदानाच्या कडेने शिकवलं, अनवाणी. पहिल्या महिन्यात मांडी इतकी दुखायची की जिना चढताना मीही कठड्याला धरायची. बाबा वरून बघायचे.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी बाबांना घेऊन बजबजला निघाले. कॉलेजला सुट्टी होती. माझेरहाटच्या पुलावर, जवळजवळ त्याच जागी, पुढचा ट्रक थांबला. मला थांबावं लागलं. मागे बस येऊन उभी राहिली आणि हॉर्न सुरू झाला. माझ्या तळपायाला घाम आला होता. ट्रक हलला. मी गिअर टाकला, हँडब्रेकवर हात ठेवला आणि क्लच सोडत आणला. तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, शेजारी बाबांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि ते गाडीचा तळ जोराने दाबत होते.

"आता सोड," ते म्हणाले. "हळू."

ठोका कधीच लागून गेला होता. गाडी चढत होती. त्यांचा हात मात्र पूल उतरेपर्यंत तसाच गुडघ्यावर दाबलेला राहिला.